पोलादी बॅरन आणि मुरणारी वाइन

इटलीच्या एकीकरणाचा इतिहास म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम मॅझिनी आणि गॅरिबाल्डी उभे राहतात. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी केलेला मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धाचे हे नायक आपल्याकडे परिचयाचे झाले. इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांच्या जोडीने काव्हूर हा मुत्सद्दीही ठाऊक असतो. बेत्तिनो रिकासोली हे नाव मात्र फारसे कुणाच्या कानावर नाही. वास्तविक काव्हूरच्या अकाली निधनानंतर नवजात इटलीची सूत्रे ज्यांच्या हाती गेली, ते हेच रिकासोली. ते दोनदा इटलीचे पंतप्रधान झाले. त्यांच्या ताठ, करारी आणि निष्कलंक वागण्यामुळे लोक त्यांना पोलादी बॅरन म्हणत.

मात्र जगाने त्यांची आठवण ठेवली ती वेगळ्याच कारणासाठी. टस्कनीतील कियान्ती या डोंगराळ प्रदेशाची तांबडी वाइन आज जगभर ओळखली जाते. ती कोणत्या द्राक्षांपासून करावी, याचे सूत्र रिकासोली यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर मांडले. १८७२ मध्ये एका प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रात ते सूत्र आले आहे. त्यात त्यांनी दोन वाइनचा विचार केला होता. एक रोजच्या जेवणाबरोबर लगेच पिण्याची आणि दुसरी वर्षानुवर्षे मुरत ठेवण्याची. पुढच्या पिढ्यांनी त्यातील पहिली तेवढी उचलली. दुसरीचा विसर पडला आणि त्या विस्मरणाची किंमत कियान्तीने जवळजवळ शंभर वर्षे मोजली.

कर्जबाजारी वारसा

बेत्तिनो रिकासोली यांचा जन्म ९ मार्च १८०९ रोजी फ्लॉरेन्स येथे झाला. रिकासोली घराणे टस्कनीतील अत्यंत जुन्या सरदार घराण्यांपैकी एक. सिएना शहराच्या उत्तरेस, कियान्तीच्या टेकड्यांमध्ये असलेला ब्रोलिओचा किल्ला ११४१ पासून या घराण्याकडे आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना ही मध्ययुगातील दोन हाडवैरी नगरराज्ये. ब्रोलिओ नेमका त्यांच्या सीमेवर, त्यामुळे त्याने कित्येक वेढे आणि विध्वंस पाहिले. प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला.

बेत्तिनो यांच्या वाट्याला वैभवापेक्षा कर्जच अधिक आले. प्राटो येथील चिकोन्यीनी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. विज्ञानाची त्यांना मनापासून आवड होती. परंतु वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले. मालमत्ता गहाण, सावकार दारात आणि पाठीशी दोन धाकटे भाऊ. अखेर टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने खास हुकूम काढून या तरुणाला सज्ञान ठरवले आणि भावांचे पालकत्व त्याच्याकडे सोपवले. ज्या वयात सरदारपुत्र नाचगाण्यात आणि शिकारीत रमत, त्या वयात रिकासोली जमाखर्चाच्या वह्या तपासत होते. काटकसर, शिस्त आणि कामावरची अढळ निष्ठा हे त्यांचे गुण या दिवसांत घडले आणि स्वभावातला कठोरपणाही याच दिवसांत मुरला.

१८३० मध्ये त्यांचा विवाह आन्ना बोनाकोर्सी या श्रीमंत घराण्यातील तरुणीशी झाला. या दांपत्याविषयी टस्कनीत एक आख्यायिका सांगितली जाते. फ्लॉरेन्समधील एका नृत्यसमारंभात एका तरुणाने आन्नाशी जरा अधिकच सलगी दाखवली. बॅरनच्या ते लक्षात आले. त्यांनी पत्नीला तत्काळ निघण्यास सांगितले, बग्गी जुंपली आणि घरी न जाता थंडीवाऱ्यात रात्रभर प्रवास करून थेट ब्रोलिओ गाठले. रेशमी पोशाखातील आन्ना उजाडताना त्या ओसाड किल्ल्यात उतरली आणि तिचे उरलेले आयुष्य बहुतांशी तेथेच गेले. यात सत्य किती आणि रंजन किती, हे सांगणे अवघड आहे. शेतीवर स्वतः देखरेख ठेवल्याखेरीज कर्ज फिटणार नाही, हे ब्रोलिओला जाण्यामागचे व्यावहारिक कारण होतेच. १८३८ च्या सुमारास हे कुटुंब ब्रोलिओत स्थायिक झाले, एवढे निश्चित. एलिझाबेत्ता ही त्यांची एकुलती मुलगी.

किल्ल्यातील प्रयोगशाळा

त्या काळी कियान्तीची शेती अर्धलीने चाले. जमीन मालकाची, श्रम कुळाचे आणि उत्पन्न निम्मे निम्मे. कुळाचे लक्ष स्वाभाविकपणे पोटापुरते धान्य, ऑलिव्हचे तेल आणि भरपूर द्राक्षे यांवर असे. वेली झाडांवर चढवलेल्या, त्यांच्या मधल्या जागेत गहू पेरलेला आणि अनेक जातींची पांढरी-काळी द्राक्षे एकाच पिंपात तुडवलेली, असा तो कारभार होता. वाइन तयार होई, पण ती टिकत नसे. उन्हाळा आला की आंबे. दूरच्या बाजारात पाठवली तर वाटेतच बिघडे.

असे असूनही कियान्तीचे नाव मोठे होते. १७१६ मध्ये ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने फर्मान काढून कियान्तीसह टस्कनीतील चार वाइनप्रदेशांच्या सीमा ठरवून दिल्या होत्या. विशिष्ट भूप्रदेशाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देण्याचा हा जगातील अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक मानला जातो. सीमा ठरल्या, पण त्या सीमांच्या आत वाइन कशी करावी, हे कुणी ठरवले नव्हते. हे काम रिकासोली यांनी हाती घेतले.

त्यांनी आधी कुळांना शिस्त लावली. नांगरट कधी करावी, छाटणी कशी करावी, द्राक्षे केव्हा खुडावीत याचे नियम घालून दिले. रविवारी ते कुळांना एकत्र जमवून धर्माचे, नीतीचे आणि शेतीचे पाठ देत. आजच्या वाचकाला ही हुकूमशाही वाटेल आणि ती काही अंशी होतीच. कुळाच्या घरच्या गोष्टींतही मालकाचे लक्ष असे. मात्र स्वतःला त्यांनी या नियमांतून सूट दिली नव्हती. पहाटे उठून काम, साधे जेवण, काळा पोशाख आणि खर्चावर करडी नजर, असा त्यांचा दिनक्रम होता.

दुसरीकडे त्यांनी अभ्यास सुरू केला. फ्रान्समधील वाइन तेव्हा युरोपच्या बाजारावर राज्य करीत होती. ती टिकते कशी आणि आपली का टिकत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी फ्रेंच पद्धतींचा अभ्यास केला, परदेशी द्राक्षांच्या जाती आणून लावून पाहिल्या आणि स्थानिक जातींची वाइन वेगवेगळी करून त्यांची तुलना केली. कोणते द्राक्ष वास देते, कोणते अंग देते, कोणते गोडवा देते याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. द्राक्षाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. म्हणजे एका प्रयोगाला एक वर्ष आणि तो प्रयोग मुरल्यावर कसा लागतो हे पाहायला आणखी कित्येक वर्षे. असे प्रयोग त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ केले.

राजकारणाची हाक

मध्यंतरी देश बदलत होता. १८४७ मध्ये रिकासोली यांनी दोन सहकाऱ्यांसह 'ला पात्रिया' हे वृत्तपत्र सुरू केले. १८४८ च्या क्रांतिपर्वात ते फ्लॉरेन्सचे नगरप्रमुख झाले, परंतु ग्रँड ड्यूकचे धोरण उदारमतवादाच्या विरोधात जाऊ लागताच त्यांनी पद सोडले. १८५२ मध्ये पत्नी आन्नाचे निधन झाले. त्या दशकात त्यांनी मारेम्मा या समुद्रकाठच्या दलदलीच्या, हिवतापाने ग्रासलेल्या भागात जमिनी सुधारून यांत्रिक शेतीचे प्रयोग केले.

२७ एप्रिल १८५९ रोजी टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा लिओपोल्ड राज्य सोडून गेला. हंगामी सरकारात रिकासोली गृहमंत्री झाले आणि लवकरच प्रत्यक्ष सत्ता त्यांच्याच हाती एकवटली. ड्यूकला परत बसवावे की टस्कनीचे वेगळे राज्य करावे, यावर युरोपच्या दरबारांत खलबते चालली होती. रिकासोली आपल्या मतावरून तसूभरही ढळले नाहीत. टस्कनीने पीडमाँटच्या राजाशी जोडले जावे आणि एक इटली निर्माण व्हावी, हीच त्यांची भूमिका राहिली. मार्च १८६० मध्ये सार्वमत झाले. जोडले जाण्याच्या बाजूने ३,६६,५७१ तर वेगळ्या राज्याच्या बाजूने १४,९२५ मते पडली. आपल्याकडे संस्थानांच्या विलीनीकरणाच्या संदर्भात लोहपुरुष हा शब्द वापरला जातो. टस्कनीच्या पोलादी पुरुषाने आपल्या प्रांतापुरते तसेच काम केले होते.

६ जून १८६१ रोजी काव्हूरचे निधन झाले आणि त्याच महिन्यात रिकासोली पंतप्रधान झाले. गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांना त्यांनी नियमित सैन्यात सामावून घेतले, पोपशी समेटाचा प्रयत्न केला, पण दरबारी कारस्थानांशी जुळवून घेणे त्यांना जमले नाही. राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्याशीही त्यांचे फारसे पटले नाही. मार्च १८६२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जून १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्धाच्या वेळी ते पुन्हा पंतप्रधान झाले. तेव्हा राजधानी फ्लॉरेन्सलाच होती. प्रशियाशी केलेला करार मोडल्यास व्हेनेशिया देऊ, असा तिसऱ्या नेपोलियनचा प्रस्ताव त्यांनी फेटाळला. शब्द दिला तो पाळायचा, हा त्यांचा बाणा. त्या युद्धाअखेर व्हेनेशिया इटलीला मिळाला. एप्रिल १८६७ मध्ये चर्चच्या मालमत्तेच्या प्रश्नावर संसद विरोधात गेल्यावर त्यांनी पद सोडले. त्यानंतर ते सक्रिय राजकारणातून जवळजवळ निवृत्त झाले आणि ब्रोलिओला परतले.

एक पत्र, दोन वाइन

सप्टेंबर १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना लिहिलेल्या पत्रात रिकासोली यांनी आपल्या प्रयोगांचे सार सांगितले. परदेशी जातींचा मोह त्यांनी सोडला होता. कियान्तीच्या मातीतील तीन द्राक्षे त्यांनी निवडली होती.

पहिले सांजोव्हेझे. या काळ्या द्राक्षापासून वाइनला मुख्यतः तिचा सुगंध मिळतो आणि अंगात जोमही येतो. दुसरे कानायोलो. हेही काळेच, पण स्वभावाने मवाळ. सांजोव्हेझेचा करडेपणा ते कमी करते आणि तसे करताना सुगंधाला बाधा आणत नाही. तिसरे माल्वाझिया. हे पांढरे द्राक्ष पहिल्या दोघांचे मिश्रण पातळ करते, हलके करते आणि वाइन लवकर पिण्याजोगी बनवते.

माल्वाझियाविषयी लिहिताना त्यांनी एक अट घातली होती. जी वाइन मुरण्यासाठी ठेवायची आहे, तिच्यात हे पांढरे द्राक्ष नसले तरी चालेल. म्हणजे पांढऱ्या द्राक्षाची सोय रोजच्या जेवणातल्या वाइनपुरती होती. दीर्घकाळ ठेवायची वाइन काळ्या द्राक्षांचीच असावी, हा त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष होता. जातींचे गुण सांगणाऱ्या त्या प्रसिद्ध परिच्छेदात टक्केवारी दिलेली नाही. नंतरच्या काळात रिकासोलींच्या नावावर जे आकडे खपवले गेले, ते इतरांनी घातलेले आहेत.

मुरणे म्हणजे काय?

रिकासोलींच्या त्या अटीचे मर्म कळायचे तर तांबडी वाइन मुरते म्हणजे नेमके काय होते, हे पाहावे लागते. काळ्या द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. कोऱ्या कडक चहाने किंवा कच्च्या केळ्याने जीभ जशी आकसते, तशीच नव्या सांजोव्हेझेनेही आकसते. शिवाय या द्राक्षाला आंबटपणाही चांगलाच असतो. त्यामुळे तरुणपणी ही वाइन खरखरीत, अंगावर येणारी वाटते.

काळ जातो तसे हे तुरट कण एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, त्यांच्या लांब साखळ्या बनतात आणि त्यांतील काही गाळ होऊन तळाशी बसतात. जिभेला बोचणारी धार कमी होते. बुचातून अत्यंत मंद गतीने आत जाणारा प्राणवायूही या बदलाला हातभार लावतो. द्राक्षाचा ताजा वास मागे पडतो आणि त्याच्या जागी गुंतागुंतीचे, खोल वास तयार होतात. आंबटपणा मात्र टिकून राहतो आणि तोच वाइनला जिवंत ठेवतो. म्हणजे ज्या कठोर गुणांमुळे नवी वाइन नकोशी वाटते, त्याच गुणांच्या आधारावर ती पुढे टिकते. पांढऱ्या द्राक्षाने हे गुण पातळ केले की वाइन आज गोड लागते, पण उद्यासाठी तिच्याकडे शिल्लक काही उरत नाही. लोणचे मुरायचे तर मीठ-मोहरीत हात आखडता घेऊन चालत नाही, तसाच हा प्रकार आहे.

जुन्या वाइनची पारख करताना जाणकार प्रथम डोळे वापरतात. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग ती हलक्या हाताने, शक्यतो मागे दिवा ठेवून, दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि गाळ मानेपाशी येताच थांबावे. फार जुन्या वाइनला हवा जास्त वेळ लागू देऊ नये. तिचा उरलासुरला सुगंध उडून जातो. पेला पांढऱ्या कापडावर तिरका धरला की कडेचा रंग दिसतो. नवी सांजोव्हेझे माणकासारखी लाल असते. मुरत गेली की ती गोमेदाच्या छटेकडे झुकते आणि कडेला विटकरी, नारिंगी झाक येते. पूर्ण तपकिरी रंग मात्र वाइनचा काळ सरल्याची खूण आहे.

त्यानंतर नाक. नव्या वाइनला आंबट चेरीचा आणि व्हायोलेट फुलांचा वास असतो. जुनीला वाळवलेल्या फळांचा, तंबाखूच्या पानाचा, कमावलेल्या चामड्याचा, जंगलातल्या ओल्या पालापाचोळ्याचा वास येतो. हे वास एकदम येत नाहीत. पेल्यात वाइन शांतपणे फिरवत राहिले की एकामागून एक उलगडतात. शेवटी जीभ. घोट तोंडात फिरवावा आणि तुरटपणा कुठे आहे, आंबटपणा कसा आहे, घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, हे पाहावे. उत्तम मुरलेल्या वाइनमध्ये कोणताही एक गुण पुढे पुढे करीत नाही. तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला ठेवलेली तांबडी वाइन उग्र लागते. सोबत खाण्यात भाजलेले मांस किंवा जुने चीज असले की उरलेला तुरटपणाही खाण्यात विरून जातो.

प्रत्येक वाइन मुरण्याच्या योग्यतेची नसते, हेही ध्यानात घ्यायला हवे. बहुतांश वाइन लवकर पिण्यासाठीच केलेली असते आणि ती दहा वर्षे ठेवल्याने सुधारत नाही, बिघडते. जुनी ती चांगली, हा सरसकट समज चुकीचा आहे. रिकासोलींनी दोन वेगळ्या वाइन सांगितल्या, त्या याच कारणाने.

अर्धवट वाचलेले सूत्र

२३ ऑक्टोबर १८८० रोजी ब्रोलिओच्या किल्ल्यात रिकासोलींचे निधन झाले. त्यांच्या पत्रातील सूत्र हळूहळू सर्वमान्य झाले, पण जसे सोयीचे तसे. पांढरी द्राक्षे पिकायला सोपी आणि भरपूर येणारी. वाइन लवकर विकता येते, पैसा लवकर हाती येतो. माल्वाझियाच्या जागी त्रेब्बियानो हे त्याहूनही बेचव, पण अधिक पिकणारे द्राक्ष आले. द्राक्षमुळांवरील फायलोक्सेरा किडीने वेली उद्ध्वस्त केल्या, दोन महायुद्धे झाली. १९३२ मध्ये सरकारने कियान्तीची हद्द मूळ प्रदेशाच्या कितीतरी पलीकडे वाढवली. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्धलीची पद्धत मोडली आणि कुळे शहरांतील कारखान्यांकडे गेली. गवती वेष्टनातली गोलमटोल बाटली जगभरच्या उपाहारगृहांत दिसू लागली. कियान्ती म्हणजे स्वस्त, पातळ आणि आंबट वाइन, अशी तिची ख्याती झाली.

१९६७ मध्ये इटलीच्या सरकारने कियान्तीसाठी कायदेशीर नियम केले. त्यांत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे घालणे सक्तीचे ठरले. रिकासोलींनी रोजच्या वाइनसाठी दिलेली सवलत आता सर्वांसाठी सक्ती झाली होती. मुरणाऱ्या वाइनमध्ये पांढरे द्राक्ष नको म्हणणाऱ्या उत्पादकाला कियान्ती हे नावच वापरता येईना. बॅरनच्या परंपरेच्या नावाने बॅरनचाच निष्कर्ष बेकायदा ठरला.

परिणामी चांगले उत्पादक नियमांतून बाहेर पडले. आंतिनोरी या जुन्या फ्लॉरेन्टाइन घराण्याने १९७१ च्या हंगामापासून तिन्यानेल्लो ही वाइन कियान्ती या नावाचा त्याग करून, साधी टेबल वाइन म्हणून बाजारात आणली. १९७५ च्या हंगामापासून तिच्यातून पांढरी द्राक्षे पूर्णपणे गेली. १९७७ मध्ये मोन्तेव्हेर्तिने या द्राक्षमळ्याने निव्वळ सांजोव्हेझेची पेर्गोले तोर्ते ही वाइन तयार केली. कायद्याच्या लेखी सर्वांत खालच्या दर्जाच्या या वाइन सर्वांत वरच्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. तेव्हा सरकारला जाग आली. १९८४ मध्ये पांढऱ्या द्राक्षांची सक्ती नाममात्र करण्यात आली. १९९६ मध्ये कियान्ती क्लासिको, म्हणजे मूळ जुन्या प्रदेशातील वाइन, १०० टक्के सांजोव्हेझेची करण्यास मुभा मिळाली. २००६ च्या हंगामापासून क्लासिकोमध्ये पांढऱ्या द्राक्षांना बंदीच झाली. रिकासोलींच्या पत्रातील त्या अटीपर्यंत पोचायला इटलीला १३४ वर्षे लागली.

आज कियान्ती क्लासिकोमध्ये किमान ८० टक्के सांजोव्हेझे असावी लागते. रिझेर्वा या वर्गातील वाइन २४ महिने आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या ग्रान सेलेत्सिओने या सर्वोच्च वर्गातील वाइन ३० महिने मुरवल्याखेरीज बाजारात आणता येत नाही. ब्रोलिओच्या वाइन उद्योगाचीही मधल्या काळात परवड झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो परदेशी कंपन्यांच्या हाती गेला होता. १९९३ मध्ये बॅरनचे वंशज फ्रान्चेस्को रिकासोली यांनी तो परत मिळवला आणि मळ्यांची नव्याने लागवड केली.

रिकासोलींनी पहिला मान दिलेल्या द्राक्षाची पाऊले आता महाराष्ट्रातही उमटली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथे फ्रातेल्ली या भारतीय आणि इटालियन भागीदारीतील कंपनीने टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली सांजोव्हेझेची लागवड केली. माणदेशाच्या शेजारच्या त्या उन्हात कियान्तीची थंडी नाही, त्यामुळे वेलीचे वेळापत्रक आणि वाइनचा स्वभाव दोन्ही वेगळे. द्राक्षाची जात तीच असली तरी प्रत्येक मातीला आपले सूत्र स्वतःच शोधावे लागते. रिकासोलींनी फ्रेंच जातींचा नाद सोडून आपल्या डोंगरातील द्राक्षे निवडली, ती याच जाणिवेने.

ब्रोलिओच्या परिसरात आजही अशी लोककथा आहे की चांदण्या रात्री बॅरन पांढऱ्या घोड्यावर बसून आपल्या मळ्यांतून फेरी मारतात. कुळांच्या मनावर त्या माणसाचा धाक किती खोल होता, हे यावरून कळते. त्यांचा कठोरपणा घरच्यांना आणि कुळांना सोसावा लागला, हे विसरता येत नाही. पण झटपट विक्रीच्या मोहाला न भुलता एका प्रश्नामागे तीस वर्षे राहणेही त्याच स्वभावामुळे शक्य झाले. त्यांनी निवडलेल्या तीन द्राक्षांपैकी पांढरे आता कियान्ती क्लासिकोमधून हद्दपार झाले आहे आणि कानायोलोचा वाटाही घटला आहे. सांजोव्हेझे मात्र आपल्या जागी आहे. ब्रोलिओच्या तळघरांत ती आजही पिंपांमध्ये मुरते आहे.